बारा बाय पंधराचा हॉल

माजिवड्याला माझ्या मुलाच्या घरातली फरशी एका दुपारी आपोआप फुटली. कोणी काही टाकलं नाही, आपटलं नाही. सूनबाई स्वयंपाकघरात होती. बाहेर फटाका फुटल्यासारखा आवाज झाला म्हणून धावत आली, तर हॉलच्या मधोमध चार लाद्या एकमेकींना डोकं टेकून उभ्या. तंबूच जसा. खालचं सिमेंट सुटलं की अशा उखडतात म्हणे. तिने आधी नवऱ्याला फोन केला आणि मग मला, डोंबिवलीला.

मी म्हटलं, "एकविसाव्या मजल्यावर राहायला गेल्यावर दुसरं काय होणार? लादीला पण चक्कर आली असेल."

"बाबा, मस्करी नको. आता सगळ्या घराची फरशी काढावी लागणार. तुमच्या खोलीची लादी तुम्ही पसंत करायची."

"माझी खोली कुठली तिथे?"

"आहे ना. तुम्ही येत नाही म्हणून रिकामी आहे."

हे येण्याचं काय ते सांगतो. त्याच्या आठ महिने आधी माझी बायको गेली. सेहेचाळीस वर्षांचा संसार. सकाळी चहा प्यायली, दुपारी छातीत दुखतंय म्हणाली, संध्याकाळी नव्हती. एवढंच लिहितो. जास्त लिहायला बसलो तर वही मिटून ठेवावी लागेल. ती गेल्यापासून मुलगा आणि सून मागे लागलेले, की डोंबिवलीचं घर बंद करा आणि आमच्याकडे ठाण्याला या. त्यात मी एकदा गॅसवर दूध ठेवून खाली भाजी आणायला गेलेलो. वर येईपर्यंत पातेलं काळं ठिक्कर आणि शेजारीण दारात कमरेवर हात ठेवून उभी. तेव्हापासून मुलाचा रोज फोन.

माझं उत्तर ठरलेलं होतं. सहा वर्षांपूर्वी त्यांनी ते ठाण्याचं घर घेतलं आणि आम्हा दोघांना बोलावलं, तेव्हाही मी हेच उत्तर दिलेलं. "माझा हॉल बारा बाय पंधरा आहे. तुमची ती खोली दहा बाय बारा. मी काय कबुतर आहे?"

खरं कारण आता वेगळं होतं. ह्या हॉलमध्ये ती वावरलेली. तो सोडून जायचं म्हणजे तिला आत ठेवून बाहेरून कुलूप लावण्यासारखं वाटायचं. पण असलं काही मी तोंडाने बोलणाऱ्यातला नाही. चौथी पास माणूस, मानपाड्याच्या कारखान्यात कापड रंगवायच्या खात्यात एकतीस वर्षं काढली. मशीनच्या आवाजात ओरडून बोलायची सवय, नाजूक बोलणं कधी जमलंच नाही. त्यापेक्षा हॉलचं माप सांगणं सोपं. माप कोणी खोडून काढू शकत नाही.

निदान मला तसं वाटायचं.

ते माप मी स्वतः घेतलेलं. घर घेतलं तेव्हा आम्ही कल्याणात भाड्याच्या एका खोलीत राहायचो, माझी आई धरून चार माणसं. बिल्डरचा माणूस आम्हाला तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेला. खिडक्यांना काचाही लागलेल्या नव्हत्या. तो कागद दाखवायला लागला, सगळा इंग्रजी. मी म्हटलं, कागद ठेव तुझ्याकडे. मी खाली बसलो आणि लाद्या मोजल्या. पिवळट मोझॅक, त्यात काळे-तांबडे खडे. आडव्या बारा, उभ्या पंधरा. कारखान्यात मशीनची जागा आखायची असली की आम्ही लाद्या मोजूनच आखायचो, एक लादी म्हणजे एक फूट. झालं. उठून हिला म्हटलं, "बारा बाय पंधरा. तुझ्या भावाचा आहे का एवढा?"

तिच्या भावाचा बदलापूरला होता दहा बाय अकरा. ती म्हणाली, "नाही हो, त्याचा कुठला एवढा."

तेव्हापासून पस्तीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलेलो. मुलाच्या लग्नाच्या बोलणीत व्याह्यांना सांगितलं. गणपतीला येणाऱ्यांना सांगितलं. टीव्ही बसवायला आलेल्या माणसाला, त्याने विचारलं नसताना सांगितलं.

तर लादी पसंत करायला रविवारी मुलगा गाडी घेऊन आला, सोबत सूनबाई. तिचा डाव मला कळत होता. माणसाने एकदा लादी निवडली की मग त्या खोलीला नाही म्हणणं कठीण. निवडलीत ना, मग आता राहायला या. म्हणून मी पण मनाशी ठरवूनच गाडीत बसलेलो. प्रत्येक लादीत खोट काढायची. एकही पसंत करायची नाही. मग बसा.

दुकान शीळफाट्याच्या रस्त्यावर, आमच्या घरापासून लांब नाही. दुकान कसलं, लग्नाचा हॉल. आत इतका थंडावा की मला मफलर आठवला. लाद्या खाली नाहीत, उभ्या. लोखंडी चौकटीत बसवलेल्या, एकामागे एक, कपाटात साड्या टांगाव्यात तशा. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी आली आणि तिने एका हाताने चौकट सर्रकन बाहेर ओढली.

"अंकल, ही चार बाय आठ."

"चार बाय आठ काय, इंच?"

"फूट."

"अगं, हे दार आहे. कल्याणला आमच्या खोलीचं दार ह्याहून लहान होतं."

"आता हेच चालतं, अंकल. रूम किती आहे तुमची?"

"माझी नाही, ह्यांची," मी म्हटलं.

"दहा बाय बारा," सूनबाई म्हणाली. "त्यांचीच आहे."

मुलीने मोबाइलवर बोटं मारली. "चार पीसमध्ये होऊन जाईल."

चार लाद्यांत अख्खी खोली? आमच्या हॉलला एकशेऐंशी लागल्यात. एकशेऐंशी लाद्या म्हणजे किती सांधे, ते मला विचारा. कारण ते मी पुसतो.

हे एक सांगायला पाहिजे. सेहेचाळीस वर्षांत मी घरातली लादी कधी पुसली नव्हती. ती गेल्यावर तेरा दिवस बायका येत-जात होत्या, त्यांनी पुसली. चौदाव्या दिवशी मी एकटा. शेजारीण म्हणाली, बाई लावून देते. मी नको म्हटलं. बादली घेतली, तिचंच फडकं घेतलं आणि उकिडवा बसलो. दीड तास लागला. उठताना भिंतीला धरून उठलो. आणि मग दिसलं की लाद्या पुसल्या गेल्यात, पण सांधे काळेच. ती जुना टूथब्रश घेऊन दर शनिवारी काय करत बसायची ते मला त्या दिवशी कळलं. आधी वाटायचं, बाईला काम नाही. आता रोज पुसतो. पाऊण तासावर आणलंय. पुसणाऱ्या माणसाला लादीतलं जे कळतं ते बघणाऱ्याला कळत नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगतो.

मुलाला पांढरी आवडलेली. आरशासारखी चकचकीत, तीत करड्या शिरा. मुलीने त्यातल्या दोन शेजारी शेजारी लावून दाखवल्या. एकीतल्या शिरा दुसरीत उलट्या उतरलेल्या, फुलपाखराने पंख उघडावेत तशा.

"ह्या जोडीनेच येतात, सर. एक तुटली तर तिच्या जागी दुसरी बसत नाही. मग उरलेलीचा काही उपयोग नसतो."

मुलगा छताकडे बघायला लागला. सूनबाईने माझ्याकडे बघितलं आणि पर्समध्ये रुमाल शोधायला लागली.

मी म्हटलं, "अरे, ती लादीबद्दल बोलतेय!"

ती मुलगी बिचारी गोंधळली. "काही चुकलं का माझं?"

"तुझं काही नाही चुकलं, बाळ. ही माणसं जरा हळवी आहेत. ही जोडी नको. भिंतीला ओल आल्यासारखी दिसते."

ती मलाही आठवली, नाही असं नाही. पण दुकानात काय रडायचं.

आतल्या बाजूला त्यांनी लाद्या खाली बसवून नमुन्याच्या खोल्या केलेल्या. एकीत सोफा, एकीत पलंग, एक नुसतीच मोकळी. मी चपला काढल्या.

"अंकल, चपला राहू द्या, चालेल."

"मला नाही चालणार. एक बादली पाणी आणि फडकं मिळेल का?"

"कशाला?"

"पुसून बघतो."

मुलगा कानाशी येऊन म्हणाला, "बाबा, प्लीज. लोकं बघतायत."

"बघू देत. तू गाडी घेताना चालवून बघितलीस ना?"

मुलगी हसली आणि खरंच आतून बादली घेऊन आली. मी पँट गुडघ्यापर्यंत वर केली, उकिडवा बसलो आणि ती चकचकीत पांढरी पहिली घेतली. फडकं फिरवलं, वाळू दिलं. उजेडाकडे तोंड करून बघितलं तर सगळे फरकाटे. "बघा, पुसल्याचं कळतंय. लादी अशी पाहिजे की पुसली तरी कळू नये आणि नाही पुसली तरी कळू नये." शिवाय ओल्या लादीवर माझा पाय सरकला, ते वेगळं. दुसरी काळी. तिच्यावर माझ्या पायाचा ठसा पाचही बोटांसकट उमटला, पोलीस तपासाला येतील असा. तिसरी खडबडीत, दगडासारखी. तिने फडक्याचे धागेच ओढून घेतले. मी म्हटलं, "ही फडकं खाते. महिन्याला एक बनियन लागेल हिला."

एव्हाना कल्याणच्या एक बाई नवऱ्याबरोबर आलेल्या, त्या मागे उभ्या राहिल्या. "काका, ती लाकडासारखी दिसते ती पण बघा ना पुसून. हे म्हणतायत तीच घेऊ."

ती पण पुसली. तिच्या रेघांमध्ये पाणी अडकून राहत होतं. "रोज पुसणार कोण?" मी विचारलं.

"मीच की," बाई म्हणाल्या.

"मग ह्यांना काय विचारता?"

त्यांचा नवरा मुकाट्याने दुसऱ्या चौकटीकडे गेला. आणखी दोन माणसं येऊन थांबली. अर्ध्या तासात मी अर्धं दुकान पुसून काढलं. मालक बाहेर आला, सगळा प्रकार बघितला आणि मला चहा मागवला. मुलगा लांब एका खांबाआड जाऊन उभा राहिलेला. सूनबाई मात्र माझ्या मागे मागे बादली घेऊन.

सगळ्यात शेवटी ती मोकळी खोली राहिलेली. तिथली लादी चार बाय आठचीच, पण चकचकीत नाही. भिजवून ठेवलेल्या तांदळाचा रंग, त्यात अगदी थोडी राख मिसळल्यासारखी. फडकं फिरवलं. सरळ गेलं. अडकलं नाही, घसरलं नाही. वाळल्यावर फरकाटा नाही. ओल्यावर उभा राहिलो, पाय धरून राहिला. मी मांडी घालून बसलो, तळवा टेकवला. हाताला गार लागली, पण बोचरी नाही. सूनबाईने पर्समधून खारे शेंगदाणे काढून दोन-चार टाकले आणि उचलले. खाली बारीक मीठ राहिलं, ते कळलंसुद्धा नाही. खोट सापडेना. इकडून बघतोय, तिकडून बघतोय, खोटच नाही.

सूनबाईच्या लक्षात आलं. "आवडली ना, बाबा?"

आता आली पंचाईत. हो म्हटलं की ठाणे. म्हणून मी हातातलं एकच शस्त्र होतं ते बाहेर काढलं.

"लादी बरी आहे," मी म्हटलं. "पण ती शोभते कुठे, तर अशा मोकळ्या जागेत. ही खोली बघ. अगदी माझ्या हॉलसारखी वाटते. एवढी जागा तुमच्याकडे असती तर मी आत्ता आलो असतो. ही किती, बारा बाय पंधरा असेल ना?"

मुलगी म्हणाली, "नाही अंकल, ही स्टँडर्ड आहे. दहा बाय बारा."

"छे."

"हो, अंकल."

"अगं, मी पस्तीस वर्षं बारा बाय पंधरात राहतोय. मला नजरेने कळतं."

तिने खिशातून टेप काढला आणि आडवा लावला. दहा फूट. मी म्हटलं, तुमचा टेप ताणलेला आहे. तिने काउंटरवरून दुसरा आणला. तोही दहाच. मग मी पावलं टाकून बघितलं. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाच पावलं. घरी पण पाचच होतात, रोज येरझाऱ्या घालतो म्हणून मला माहीत. डोकं फिरायची वेळ आली.

"चला घरी," मी म्हटलं. "मोजूनच दाखवतो. बाळ, तो टेप दे."

"अंकल, परत आणा हां. माझा स्वतःचा आहे."

गाडी घराखाली थांबली. तिसरा मजला मी एका दमात चढलो, रागाने माणूस चढतो. कुलूप काढलं, खुर्ची बाजूला सारली, टेपचं टोक भिंतीला दाबून धरलं आणि मुलाला म्हटलं, "वाच."

"दहा फूट."

"नीट वाच."

"दहा, बाबा. अर्धा इंच कमीच आहे."

"अरे, पण बारा लाद्या आहेत! मोज. एक, दोन, तीन..."

"लाद्या बारा आहेत. लादी किती आहे ते बघा ना." त्याने टेप एका लादीवर ठेवला. मी चष्मा लावून वाकलो. दहा इंच. लादी दहा इंचांची होती. फुटाची नव्हतीच कधी. उभं मोजलं तर साडेबारा फूट. म्हणजे माझा बारा बाय पंधराचा हॉल दहा बाय साडेबाराचा होता. त्यांच्या खोलीहून अर्धा फूट जास्त.

मुलगा तोंडावर हात ठेवून खिडकीकडे गेला. त्याचे खांदे हलत होते. सूनबाई हसली नाही. ती हळूच म्हणाली, "बाबा, आईंना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"हॉलचं."

"कधीपासून?"

"घर घेतल्यापासून. सत्यनारायणासाठी त्यांनी कल्याणहून सतरंजी आणलेली ना, तुम्ही माप दिलेलं बारा बाय पंधराचं. ती इथे पसरली तर दोन्हीकडून भिंतीवर चढली. तेव्हाच त्यांनी दोरीने मोजलं. मग कडा आत दुमडल्या आणि तुम्हाला सांगितलं, दुकानदाराने दोन फूट जास्तीची दिली."

मला ती सतरंजी लख्ख आठवली. आणि तो दुकानदारही आठवला. अहो, त्या माणसाचं मी वर्षानुवर्षं कौतुक केलं! असा प्रामाणिक माणूस कल्याणात दुसरा नाही म्हणून सांगत सुटलो. आमच्या बिल्डिंगमधली पाच घरं मी त्याच्याकडे पाठवली. त्यांना कोणालाच त्याने इंचभर जास्त दिलं नाही, तेव्हा मी म्हणायचो, तुमचं तोंड बघून देतो तो.

"मग मला सांगितलं का नाही तिने?"

"मी विचारलेलं त्यांना. लग्न होऊन आले तेव्हा माझ्याही लक्षात आलं, माहेरी आमचा हॉल खरंच बारा बाय पंधरा आहे. तर मला म्हणाल्या, 'तू बोलू नकोस हं. दिवसभर रंगाच्या वाफेत उभं राहून येतात. घरात शिरल्यावर त्यांना दोन फूट जास्त वाटत असतील, तर वाटू देत. आपलं काय जातंय?'"

मी स्वयंपाकघराकडे वळलो आणि जोरात ओरडलो, "अगं ए!"

तोंडातून निघून गेलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मग आठवलं. सेहेचाळीस वर्षांत भांडायला एवढं मोठं कारण मला कधी मिळालं नव्हतं, आणि मिळालं तेव्हा समोर ती नाही. मी तसाच दारात उभा. आणि मग त्या सतरंजीवर बसून पूजा सांगणारे भटजी माझ्या डोळ्यांसमोर आले, त्यांना मी दक्षिणेबरोबर हॉलचं मापही दिलेलं, आणि मला हसू फुटलं. मुलगा तर वाटच बघत होता. तिघंही हसायला लागलो, इतके की शेजारीण दार वाजवून बघून गेली, पुन्हा दूध करपलं की काय.

हसणं थांबल्यावर सूनबाई म्हणाली, "आता दहा बाय बाराला नाही कसं म्हणणार?"

माझं शस्त्र तर गेलेलं. मग खरं तेच बोललो. "हॉलचं सोड. ती इथे आहे असं वाटतं मला. तिला टाकून कसा येऊ?"

मुलाने मान खाली घातली. सूनबाई माझ्यासारखी नाही, वेळ आली की तोंडावर बोलते. ती म्हणाली, "बाबा, रागवा हवं तर. पण आईंना इथे राहायचं नव्हतंच. सहा वर्षांपूर्वी आम्ही बोलावलं तेव्हा त्यांना यायचं होतं. गुडघे गेलेले, तीन मजले चढवत नव्हते, तिकडे लिफ्ट होती. तुम्ही म्हणालात, माझा बारा बाय पंधराचा हॉल सोडून मी येणार नाही. त्यावर त्या काय बोलणार? एक तर हॉल खोटा पाडायला हवा होता, नाहीतर जिने चढायला हवे होते. त्या जिने चढल्या."

मी खाली बसलो. त्या दहा इंचांच्या लाद्यांवर हात टेकले. ती भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यावर थांबायची, धापा टाकायची, आणि मी वरून ओरडायचो, "अगं, चल की, चहा गार होतोय." मला वाटायचं, ती शेजारणींशी गप्पा मारत थांबते. माझ्या दोन फुटांसाठी ती पाच-सहा वर्षं जिने चढली. कोणी मागून कानाखाली वाजवावी तसं झालं. आणि वाजवली ते बरंच केलं.

मुलाने पाणी आणून दिलं. ते प्यालो आणि विचारलं, "तो लादी बसवणारा कधीपासून लागणार?"

"लादी ठरली की लगेच. पुढच्या सोमवारी."

"तुम्ही दोघं ऑफिसला जाणार. मग त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सूनबाई म्हणाली, "तोच तर प्रश्न आहे, बाबा." हुशार आहे ती.

"मग रविवारीच येतो मी. आणि ती तांदळाच्या रंगाची सांगून टाका. अख्ख्या घराला. पांढरी लावलीत तर मी येणार नाही."

दुसऱ्या दिवशी टेप परत करायला मी एकटाच रिक्षाने दुकानात गेलो. त्या मुलीने विचारलं, "काय अंकल, किती निघाला हॉल?"

"बारा बाय पंधरा," मी म्हटलं. "तुझा टेप चांगला आहे."

रविवारी दोन जोडी कपडे घेऊन गेलो. कारागिराचं काम संपेपर्यंत, असंच सगळे बोलत होतो. त्या दारांएवढ्या लाद्या सामानाच्या लिफ्टमधून तिरक्या करून वर आल्या. दोन माणसं रबरी वाट्या चिकटवून लादी उचलायची, काच उचलावी तशी, आणि श्वास रोखून खाली ठेवायची. मी खुर्ची टाकून समोर. कारागीर पहिल्या दिवशी माझ्यावर वैतागला, दुसऱ्या दिवशी स्वतःहून विचारायला लागला, "बाबा, बघा, हात फिरवून बघा." एका कोपऱ्यात कड केसभर वर होती. त्याला बोट फिरवूनही कळेना, मला फडक्याने कळली. त्याने शिव्या घातल्या असतील मनात, पण लादी काढून पुन्हा बसवली.

काम संपून आता दोन महिने होतील. मुलगा एकदा डोंबिवलीला जाऊन माझे बाकीचे कपडे घेऊन आला. मी केव्हा परत जाणार हे कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

भांडण मात्र रोज आहे. इथे पुसायला बाई येते, ती उभ्या उभ्या लांब काठीने पुसते. मी म्हटलं, काठीने लादी पुसली जात नाही, नुसती भिजते. सूनबाई म्हणाली, ह्या वयात उकिडवं बसायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. कुठल्या डॉक्टरांनी, ते सांगत नाही. शेवटी असं ठरलं की माझी खोली मी पुसायची, चार लाद्या, त्यापलीकडे हॉलला हात लावायचा नाही. मी हो म्हटलं.

काल बाई आली नाही. दोघं ऑफिसला गेले. संध्याकाळी सूनबाई आली, दारातच थांबली, हॉलभर नजर फिरवली.

"हॉल कोणी पुसला, बाबा?"

"बाईने."

"तिची तर आज सुट्टी होती."

"मग मला काय माहीत? मी झोपलेलो."

तिने गॅलरीत वाळत टाकलेलं फडकं बघितलं. माझ्या ओल्या गुडघ्यांकडे बघितलं. आत गेली, हातपाय धुतले, चहा टाकला. कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "ज्याने कोणी पुसला त्याला सांगा, सोफ्याखालचं राहिलंय."